भिंतीच्या कोपऱ्यातलं नाव

आमच्या आमगाव-सालेकसा भागातल्या भिंतींवर एके काळी जेवढ्या म्हणून बायका रंगवलेल्या होत्या, त्या सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. साडीच्या दुकानाची बाई डोळे मिटून पदर सावरायची, ब्युटी पार्लरची नवरी डोळे मिटून लाजायची आणि चहापत्तीच्या जाहिरातीतली सून डोळे मिटूनच सासऱ्यापुढे कप धरायची. परक्या माणसाला वाटावं, या भागाला झोपेचा काही आजार आहे. कारण एवढंच की या सगळ्या बायका मोतीराम पेंटरच्या हातच्या होत्या, आणि मोतीरामला डोळ्यांची भीती वाटायची.

"डोळे काढलो का ते पाहून राहतेत ना, बाई," त्याने मला एकदा सांगितलं होतं. "मी जिकडं सरकलो, तिकडं पाहून राहतेत. मंग हात कापते माहा."

भीती त्याला एकाच गोष्टीची नव्हती. कुत्र्याची होती, वाऱ्याची होती, खाकी कपड्याची तर इतकी होती की पोस्टमन समोरून आला तरी तो सायकलवरून उतरून बाजूला उभा राहायचा. रस्त्याने जाणाऱ्या मोटारसायकलीचं त्याला काही नसे, पण जवळ येऊन थांबणाऱ्या मोटारसायकलीने त्याचा जीव अर्धा होई. मागून कोणी "ओ पेंटर" म्हटलं की आधी त्याचा खांदा उडायचा आणि मग तो वळायचा. बारीक अंगाचा, पन्नाशीकडे झुकलेला माणूस, शर्टावर निळीचे ठिपके, सायकलला आडवी बांधलेली बांबूची शिडी आणि हँडलला लटकणारे रंगाचे डबे. त्या शिडीला तो कोणाला हात लावू देत नसे. हललेल्या शिडीवर चढायचं म्हणजे मरणच, असं त्याचं म्हणणं होतं.

माझी त्याची ओळख झाली ती माझ्या शिलाई क्लासमुळे. सन दोन हजारच्या आगेमागे मी घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनी टाकल्या आणि दारावर 'रेखा शिलाई क्लास' अशी पाटी लावली. पाटी वाचून शेजारच्याच काय त्या पोरी आल्या. पेपरात जाहिरात द्यावी म्हणून गोंदियाला चौकशी केली, तर दर ऐकून मी खुर्चीतच बसून राहिले. मग हँडबिलं छापली आणि बाजाराच्या दिवशी वाटली. संध्याकाळी मीच फुटाणे घेतले, तर पुडी माझ्याच नावाची. माझे यजमान धनराज इतके हसले की फुटाणे त्यांनीच संपवले. ते सालेकस्याच्या पलीकडच्या एका गावात शाळेत मास्तर होते, रोज मोटारसायकलने जाऊन येऊन करायचे. दुसऱ्या दिवशी ते मोतीरामला घेऊन आले.

"तुमच्याकडं कोन येनार?" उंबऱ्याबाहेर उभ्यानेच त्याने विचारलं.

"मुली, बायका."

"मंग रोडवरची भिंत कायले पाह्यजे? रोडवर ट्रकवाला वाचन. त्याले का ब्लाऊज शिवाचा हाये?"

बायका जिथं ताटकळत उभ्या राहतात तिथली भिंत पाहायची, हा त्याचा हिशोब. बोअरिंगच्या हातपंपासमोरची, रेशन दुकानासमोरची, पिठाच्या चक्कीजवळची. हातात काम नसलं की माणूस भिंत वाचतो, असं तो म्हणायचा. रंगाला पैसा जास्त नको म्हणून तो चुन्यात डिंक घालायचा, अक्षरांना गेरू आणि नीळ वापरायचा आणि दोऱ्याला निळीत बुडवून भिंतीवर फटका मारला की सरळ रेघ उमटायची. चुना वाळायला एक रात्र, अक्षरं दुसऱ्या दिवशी. आमच्यासारख्या बारक्या धंदेवाल्यांना तेवढंच परवडायचं आणि दोन दिवाळ्या ते भिंतीवर टिकायचं.

त्याचं सगळंच बरोबर यायचं असं मात्र नाही. एका बँडवाल्याची जाहिरात त्याने याच हिशोबाने स्मशानाच्या वाटेवरच्या भिंतीवर लिहिली. "तथं सगळेच येतेत," हे त्याचं कारण. लग्नसराईत बँडवाला ब्रश घेऊन स्वतः ती पुसायला गेला आणि मोतीराम त्या मोहल्ल्यातून कित्येक दिवस सायकल घेऊन गेला नाही.

त्याचा एक नियम मात्र पक्का होता. कुठलीही भिंत घ्यायची तर आधी घरवाल्याला विचारायचं. घरवाला हो म्हणाला की चुना मारायचा आणि खालच्या कोपऱ्यात गेरूने 'बुक' असं लिहायचं. या भागातले सगळे पेंटर ही खूण पाळायचे. बुक असलेल्या भिंतीला दुसरा पेंटर हात लावत नसे. इतर पेंटर 'बुक'च्या पुढं आपलं नाव लिहायचे, मोतीराम गिऱ्हाइकाचं लिहायचा. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "भांडन झालं तं लोकं दुकानवाल्याकडं जातीन. माह्याकडं कायले येतीन?" भित्र्या माणसाची अक्कलही भीतीतूनच येते, असं म्हणून मी धनराजजवळ त्याची टिंगल केली होती.

निवडणुका आल्या की मात्र त्याचा हा नियम त्याला महागात पडायचा. एका उमेदवाराची माणसं एकदा जीप घेऊन त्याच्या घरी आली. चौकातली भिंत एका किराणावाल्याची बुक होती, ती त्यांना हवी होती. मोतीरामच्या बायकोने, शेवंताने, दारातूनच सांगितलं की नवऱ्याला कावीळ झाली आहे. ते लोक आत डोकावले, तर हा खाटेवर पडलेला, तोंड आणि हात हळदीने पिवळे आणि भीतीने खरोखरच घाम सुटलेला. तो घाम पाहून त्यांची खात्री पटली. किराणावाल्याची भिंत वाचली. पुढं आठवडाभर मोतीराम पिवळट चेहऱ्यानेच फिरत होता आणि आम्ही सगळे त्याला तब्येत विचारून छळत होतो. इतका भित्रा माणूस त्या भिंतीसाठी एवढा का धडपडला, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही.

त्या वर्षी धान कापून झालं आणि मुली मोकळ्या होतील म्हणून मी सालेकस्याकडच्या गावांतही जाहिरात करायचं ठरवलं. मोतीराम आधी नाहीच म्हणाला. तो भाग जंगलाला लागून. तिकडे त्या काळी काय चाललं होतं ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच मोठ्याने बोलत नव्हतं. जंगलातल्या त्या बंदूकवाल्यांना आम्ही 'तिकडचे' एवढंच म्हणायचो, आणि म्हणताना हनुवटीने डोंगराकडे दाखवायचो. पण धनराज रोज त्याच रस्त्याने जातात, त्यांना काही होत नाही, असं मी म्हटलं आणि तो तयार झाला.

एका गावात त्याला बोअरिंगसमोरची छान भिंत मिळाली. त्या गावाचं नाव मी आजही लिहीत नाही. घरवाला म्हातारा होता, त्याला विचारून मोतीरामने चुना मारला, कोपऱ्यात 'बुक – रेखा शिलाई क्लास, आमगाव' असं लिहिलं आणि घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रंग घेऊन परत गेला.

दुपारी माझ्या दारात सायकल धाडकन पडली. बाहेर पाहते तर मोतीराम, आणि सायकलला शिडी नाही.

"शिडी कुठं आहे?" मी विचारलं.

तो आत आला, दोन मशिनींच्या मधे फरशीवर बसला आणि म्हणाला, "पोरीयले घरी धाडा, बाई."

मुलींना मी काहीतरी सांगून घरी पाठवलं.

"आपल्या भिंतीवर लिवलं," तो म्हणाला.

"कोणी?"

त्याने हनुवटी डोंगराकडे केली.

कोऱ्या, ताज्या चुन्यावर त्यांनी लाल रंगाने भिंतभर लिहिलं होतं. गावातल्या एका माणसाला ताकीद होती, आणि त्याचं ऐकणाऱ्या सगळ्यांना. मजकूर मोतीरामने मला एकदा सांगितला, तो मला पाठ आहे, पण लिहायला हात धजावत नाही. त्याच्या खाली, बरोबर सही असावी तिथं, कोपऱ्यात माझं नाव होतं.

"जसं का तुमीच भिंत धुवून देल्ली त्यायले," मोतीराम म्हणाला आणि रडायला लागला.

मला आधी राग आला. तुझं नाव लिहायला काय झालं होतं, असं मी त्याच्यावर ओरडले. मग हळूहळू सगळं डोक्यात शिरलं. पोलिसांची गाडी आली की पहिलं वाचणार ते नाव. भिंत कोणी कोरी करून दिली, तर आमगावच्या रेखाने. आणि ते लाल पुसावं, तर पुसणारा कोण हे तिकडच्यांना विचारावं लागणार नव्हतं, नाव कोपऱ्यात होतंच. घरवाला म्हातारा घराला कुलूप लावून नातेवाइकांकडे निघून गेला होता. गावातला एकही माणूस त्या भिंतीच्या बाजूने चालत नव्हता, बोअरिंगवर एक बाई नव्हती. आणि धनराज त्या दिवशीही त्याच रस्त्याने शाळेत गेले होते.

ते संध्याकाळी घरी येईपर्यंत मी दारात उभी होते. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की दोन पावलं पुढं जायचे, ती निघून गेली की परत उंबऱ्यावर यायचे. ते आले. येताना त्यांनीही भिंत पाहिली होती. थांबले नव्हते.

"ठाण्यात जाऊन खरं काय ते सांगून टाकू," ते म्हणाले.

"गुरुजी, ठान्यात गेलो तं तिकडच्यायले कळन," मोतीराम म्हणाला. "नाई गेलो तं ठान्यावाल्यायले कळन. कोनाले ना कोनाले कळूनच राहते."

जेवण कोणाला गेलं नाही. मोतीराम घरी गेला तेव्हा आम्ही त्याला थांब म्हटलं नाही, आणि त्यानेही थांबू का म्हणून विचारलं नाही.

सकाळी धनराज निघाले. मी त्यांच्या मोटारसायकलीची चावी धरून ठेवली होती, पण शाळा बंद ठेवली तर तेही कोणाच्या तरी नजरेत येणारच होतं. ते गेल्यावर शेवंता आली. पदर डोक्यावरून घसरलेला, पायात चप्पल नाही.

"आमचे घरवाले आले का वो बाई तुमच्याकडं?"

"नाही. का?"

"सकाळीच गेले. चुन्याचा डबा नेला, गेरू नेला. मी म्हटलं, कोठं जाऊन राहिले? तं काई बोलले नाई. माह्याकडं पाहलेच नाई."

आम्ही दोघी तो सगळा दिवस पुढच्या खोलीत बसून होतो. मी एका ब्लाऊजला काज करायला घेतलं होतं, ते तसंच राहिलं. शेवंता मधेच म्हणायची, "कुत्रं भुकलं तं सायकल टाकून पळते तो मानूस," आणि पुन्हा रस्त्याकडे पाहायची. इतकी भीती मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती आणि त्यानंतरही नाही. पुढे मला मोठं आजारपण आलं, दवाखान्यात टेबलावर झोपवलं, तेव्हाही इतकी घाबरले नाही.

संध्याकाळी धनराज आले ते थेट आत, हेल्मेटसकट.

"तुझं नाव नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"लाल तसंच आहे. एका अक्षराला हात लावलेला नाही. फक्त कोपरा पांढरा केला आहे. तुझं नाव गेलं. तिथं 'बुक – मोतीराम पेंटर, आमगाव, बौद्ध विहाराच्या मागे' असं लिहिलं आहे."

शेवंता उभी होती ती खाली बसली. घराचा पत्तासुद्धा दिला होता त्याने. कोणालाही, कुठूनही, न विचारता येता यावं असा. नुसता कोपरा कोरा ठेवला असता तर ठाण्यावाले गावात विचारत फिरले असते आणि बोअरिंगवरच्या कोणीतरी माझं नाव सांगितलंच असतं, हे मला नंतर सुचलं. मोतीरामला ते तिथं उभ्यानेच सुचलं असणार. मला त्या क्षणी काय वाटलं ते सरळ सांगते. मला आनंद झाला. धनराज परत आले होते, माझं नाव भिंतीवर नव्हतं आणि मी देवासमोर दिवा लावला. मग मागे वळले तर शेवंता अजून फरशीवर बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी मोतीराम आला. आत आला नाही, सायकल धरून दारातच उभा राहिला. मी काहीतरी बोलायला गेले तर मान हलवून म्हणाला, "ते भिंत तुमची नोहे आता. दुसरी पाहू आपन."

पोलीस आले ते त्याच्याकडे. कुठल्या चौकीत नेलं, किती वेळा नेलं, ते तो पुढंही नीट सांगत नसे. मारलं नाही, एवढं शेवंताला शपथेवर सांगितलं. त्यांनी त्याला चौकीच्या मागच्या भिंतीवर तोच लाल मजकूर लिहायला लावला. अक्षर जुळतं का ते पाहायचं होतं. लिहून झालं की चुना मारून पुसायचं आणि पुन्हा लिहायचं. मोतीरामचा हात वर्षानुवर्षांचा, वेलांट्या गोल, काना सरळ, शेवटी सवयीने मजकुराखाली सावलीची रेघसुद्धा ओढली त्याने. तिथला साहेब हिंदी बोलणारा होता. पाहून म्हणाला, "इतना सुंदर लिखेगा तो डरेगा कौन?" सगळे हसले. मोतीरामही हसला, कारण सगळे हसत होते.

अक्षरामुळे सुटला, असं गावात लोक कौतुकाने सांगायचे. त्याला मात्र ते कौतुक वाटलं नाही. तो चौकीत जाताना-येताना कोणी पाहिलं असेल, तिथं काय सांगून आला असं तिकडच्यांना वाटलं असेल, हे त्याच्या डोक्यातून गेलं नाही. घरी असला की मागच्या खोलीत बसायचा. विहारामागच्या त्या गल्लीत अनोळखी माणूस शिरला की शेवंता भांडं पाडून आवाज करायची, ही त्यांची खूण ठरली होती. गोंदियाला तोवर फ्लेक्सच्या मशिनी आल्या होत्या. किराणावाला, बँडवाला, साडीवाला, एकेक करून सगळे तिकडे गेले. फ्लेक्सवरच्या बायका डोळे उघडून हसत होत्या. मोतीरामला कोणी विचारेनासं झालं आणि मला वाटतं, त्याला त्यात सुटल्यासारखंही वाटलं असावं. शेवंता बाजारात भाजी घेऊन बसू लागली. वर्षभरात ते दोघं तिरोड्याकडे लेकीच्या गावी निघून गेले.

जाण्याआधी तो एकदा आला. हातात डबे होते, सायकलवर कोणाची तरी मागून आणलेली लोखंडी शिडी होती.

"तुमची एक भिंत राहिली ना, बाई," तो म्हणाला. "रेशन दुकानासमोर पाहली मी. घरवाल्याले इचारलो. कालच चुना मारलो."

मी नको म्हणत होते. पण तो दारातून हलेना, तेव्हा मी त्याच्याबरोबर गेले. भर सकाळची वेळ, रेशनची रांग लागलेली. तो शिडीवर चढला आणि म्हणाला, "तुमी मांगं उभ्या राहा. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काईबी. मांगं कोनी गप्प उभं राहिलं तं मले जमत नाई."

मी बोलत राहिले. कॉलर कशी बसवतात, अस्तराचं कापड आधी का भिजवायचं, कोणती पोर सुई रोज मोडते, जे तोंडात येईल ते. रांगेतल्या बायका माझ्याकडे पाहून हसत होत्या. रस्त्यावर एखादी मोटारसायकल थांबली की ब्रश थांबायचा, आणि ती पुढं निघाली की पुन्हा चालू व्हायचा. 'ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, फ्रॉक शिकवले जातील' झालं. 'फक्त महिलांसाठी' झालं. खाली पत्ताही झाला. वरची मोठी जागा मात्र त्याने कोरीच ठेवली होती, नुसत्या निळीच्या दोन रेघा मारून. खाली उतरून त्याने ब्रश माझ्यापुढं धरला.

"नाव तुमी लिवा."

"अरे, मला कुठं येतं?"

"माह्या हातानं आता कोनाचं नाव नाई लिवत मी, बाई. इथं कोनाचंच नाई."

मी ब्रश घेतला. शिडीच्या पहिल्याच पायरीवर पाठीमागचा सगळा रस्ता एकदम जवळ आल्यासारखा वाटला. माझं स्वतःचं नाव, माझ्या गावातली भिंत, भर दिवसा, आणि 'रे' लिहिताना मी मानेवर कोणाची तरी नजर आहे की काय म्हणून मागे वळून पाहिलं.

मोतीराम शिडीला दोन्ही हातांनी धरून, भिंतीकडे पाठ करून उभा होता आणि रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहत होता.

"लिवा, बाई," तो मान न वळवता म्हणाला. "कोनी येऊन नाई राहिलं."